मदत हवी आहे: भिजलेला जुना फोटो चेहरे न बदलता मोठा कसा छापावा?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे, ठाण्यात चरईतल्या घरीच. हॉलमध्ये लावायला आईबाबांचा एक जुना फोटो १२ × १८ इंची करून हवाय. तलावपाळीवर, गडकरी रंगायतनच्या बाहेर काढलेला. रंगायतन १९७८ला सुरू झालं, त्यानंतर दोनेक वर्षांतला असावा. बाबा आता नाहीत, आणि दोघं एकत्र हसतायत असा हा एकच फोटो आहे.

मूळ प्रिंट कृष्णधवल, ३.५ × ५ इंची. २६ जुलै २००५ला आमच्या तेव्हाच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं, त्यात फ्रेमसकट भिजली. वाळताना कडेने काचेला चिकटली. बाबांच्या शर्टावर पिवळा डाग आहे आणि आईच्या कपाळापासून ओठांवरून खाली एक बारीक चीर.

भाच्याने मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. माझ्याकडे आला तो १२०० × १६०० पिक्सेलचा. एका बटणात जुना फोटो नवा करणाऱ्या साइटवर टाकला. चीर गेली, डागही गेला, पण आईच्या पुढच्या दोन दातांमधली फटसुद्धा बुजली. आईला दाखवला. तिने चष्मा कपाळावर सरकवून फोटो अगदी डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "छान आहे गं, पण ही कोण?" तेव्हापासून ती साइट बंद.

आता फोटोपीमध्ये हाताने करतेय. ब्राउझरमध्येच चालतं, पैसे लागत नाहीत. हीलिंग ब्रशने कपाळ छान झालं, पण ओठांपाशी सगळं फिसकटतं. नौपाड्यात एका लॅबमधून छोटी प्रिंट काढून पाहिली, ती काळपट आणि हिरवट आली.

काच सोडवून घ्यावी का? ओठांचं काय करू? आणि प्रिंटचा रंग? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, काच अजिबात सोडवू नका. चिकटलेला थर काचेवरच राहतो आणि फोटोचा तेवढा भाग कायमचा जातो. फक्त फ्रेम काढा आणि काचेसकट स्कॅन करा. स्कॅनर सीसीडीचा (काचेपासून थोडं दूर असलेलंही स्पष्ट टिपणारा) आहे ना, एवढं विचारून घ्या. पातळ यूएसबी स्कॅनर बहुतेक सीआयएस या दुसऱ्या प्रकारचे असतात, त्यांना काचेच्या जाडीएवढं अंतरही धूसर दिसतं.

१२ × १८ला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. मूळ प्रिंट १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केलात तर ४२०० × ६००० मिळतील. रुंदीत थोडं कापलं जाईल, ते कुठून कापायचं हे लॅबवर सोडू नका. फाइल व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती लहान होते.

स्कॅन मात्र रंगीतच करा! त्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंगांचे वेगळे थर म्हणजे चॅनेल असतात. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वात गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. लाल चॅनेल घेऊन कृष्णधवल केलंत की शर्टाचं अर्धं काम तिथेच संपतं.

हीलिंग ब्रश आजूबाजूचे रंग मिसळतो, म्हणून ओठांच्या कडेला फिसकटतं. तिथे क्लोन स्टॅम्प (एका जागचा भाग जसाच्या तसा दुसरीकडे उमटवणारं साधन) वापरा, वेगळ्या लेयरवर, लहान मऊ ब्रशने, ओठाच्या चांगल्या बाजूचा नमुना घेऊन. डोळे आणि दात यांना हात लावू नका.

फाइल एसआरजीबी (नेहमीची रंगपद्धत) जेपेगमध्ये द्या आणि लॅबला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. स्क्रीन फार उजळ असली की प्रिंट काळपट वाटते. आधी फक्त चेहऱ्यांचा भाग तीन वेगवेगळ्या उजेडांत ४ × ६वर छापून बघा. हिरवट झाक पुन्हा आली तर लॅब बदला.

धागाकर्ती:

मनापासून आभार! वाशीत सीसीडी स्कॅनर मिळाला, काल काचेसकट स्कॅन करून आणलं. लाल चॅनेलमध्ये डाग खरंच पुसट झाला, आणि बाबांच्या खिशातलं पेन दिसायला लागलं. इतकी वर्षं ते डागाखाली होतं. आईच्या दातांतली फटही स्वच्छ दिसतेय. ओठांना आज रात्री बसते.

एकच राहिलं: फोटो लावायचा त्या भिंतीसमोर मोठी खिडकी आहे. कागद मॅट घेऊ ना?