इंजिनाची ‘अलाइनमेंट’: संरेखन, जुळणी की आणखी काही?

भाषांतरवाली: बोटीच्या डिझेल इंजिनाची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. वाचणारे मच्छीमार आणि बंदरावरचे मेकॅनिक. ‘प्रोपेलर शाफ्टचे इंजिन व गिअरशी संरेखन करावे’ असं लिहिलंय खरं, पण ‘अलाइनमेंट’साठी (पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, आणि इंजिन एका रेषेत आणणं) ‘संरेखन’ डोळ्यांत खुपतंय. काय लिहावं?

शंकासुर: संरेखन असतं मेट्रोचं, नाहीतर महामार्गाचं. मार्ग कुठून न्यायचा, कुणाची शेतं जाणार, ती सगळी भानगड. ‘जुळणी’ लिहा की सरळ.

खिळेमोळे: ‘जुळणी’ म्हटलं की सुटे भाग जोडून यंत्र उभं करणं डोळ्यांपुढे येतं. ‘जुळवून घेणे’ हे क्रियापद मात्र चालेल.

बंदरकर: ताई, शब्द राहू द्या, आधी विभक्ती बघा. तुमच्या वाक्यात इंजिन जागेवर आणि शाफ्ट हलतोय. काम असतं नेमकं उलटं. शाफ्ट स्टर्न ट्यूबमधून, म्हणजे बोटीच्या मागच्या भागातल्या नळीतून, बाहेर पंख्यापर्यंत जातो, त्याची जागा बेअरिंगने ठरलेली. हलवायचं ते इंजिन. गिअर त्याच्याच पाठीला बोल्टने बसवलेला, तोही सोबत येतो. म्हणून ‘इंजिन शाफ्टला जुळवून घ्यावे’. ‘ला’ कुणाला लावलाय यावर मेकॅनिक कशाला हात घालणार ते ठरतं.

दुसरं, एका ‘अलाइनमेंट’मध्ये दोन कामं आहेत, ती वेगळी लिहा. कपलिंगचे, म्हणजे गिअर आणि शाफ्टच्या जोडाचे, बोल्ट काढून शाफ्ट किंचित मागे घेतात. शाफ्टचं पुढचं टोक वजनाने खाली लोंबतं, त्याला तोलून धरायचं, नाहीतर मापच खोटं येतं. मग बघायचं, दोन्ही फ्लँजचा (जोडाच्या दोन गोल चकत्यांचा) मध्य एक आहे का. एकीचा उंचवटा दुसरीच्या खोबणीत न अडकता शिरला पाहिजे. याला सगळे ‘सेंटर’ म्हणतात, तोच शब्द ठेवा. मग तोंडं समोरासमोर आहेत का, ते फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तपासायचं. कपलिंगचा व्यास जितके इंच, तितके थाऊ (इंचाचे हजारावे भाग) फरक चालतो. ४ इंची कपलिंगला ०.००४ इंच, म्हणजे साधारण ०.१ मिमी. फट वर जास्त असेल तर इंजिनाचं पुढचं टोक खाली बसलंय, पुढचे माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसतं ते पाय) उचलायचे. हे करताना सेंटर पुन्हा हलतं, मग परत पहिल्यापासून. वैताग असतो.

शंकासुर: म्हणजे इंजिन सुतासारखं सरळ करायचं! मग ‘सुतात घेणे’ का नको?

बंदरकर: सुतार-गवंड्यांना ठीक. पण त्यांच्याकडे सूत हे मापही आहे, इंचाचा आठवा भाग. म्हणजे १२५ थाऊ. एवढ्या फरकाने बोट चालवलीत तर थरथरीने ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारं सील) गळायला लागेल आणि बेअरिंग झिजेल.

भाषांतरवाली: पटलं. मथळा ‘अलाइनमेंट’ आणि खाली असं चालेल? ‘इंजिन व गिअर शाफ्टला जुळवून घ्यावेत. प्रथम सेंटर, मग फ्लँजची तोंडे तपासावीत.’

खिळेमोळे: छान. ‘संरेखन’ प्रश्नपत्रिकेसाठी राहू द्या.

बंदरकर: एक राहिलं. कुठे करायचं ते लिहा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या. तेव्हा हौसेने केलेली अलाइनमेंट पाण्यात टिकत नाही, कारण जमिनीवर बूड टेकूंवर असतं आणि पाण्यात सगळीकडून उचललं जातं. लाकडी बोट तर पाणी पिऊन फुगतेही. जमिनीवर अंदाजे बसवा, बोट उतरवल्यावर निदान एक दिवस जाऊ द्या, मग फिलर गेज काढा.

भाषांतरवाली: आणि फायबरची असेल तर?

बंदरकर: तिचीही पाण्यातच. फायबर फुगत नाही, पण वाकतो.