मदत हवी आहे: प्लेटच्या मधोमध भूकंप होतो कसा?

मंडळी, पोरगी अकरावीला आहे, भूगोलाच्या प्रकल्पाला कोयनेचा भूकंप घेतलाय. पुस्तकातलं चित्र सोपं, दोन प्लेटांच्या (पृथ्वीच्या कवचाचे मोठाले तुकडे) कडा घासल्या की भूकंप. पण कोयना काय, किल्लारी काय, भारतीय प्लेटच्या पोटात. कड तिकडं हिमालयापाशी. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथं कोल्हापुरात आमच्या आईची पितळी भांडी फळीवरून खाली आली कशी?

वाचून एवढं कळलं: प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर सरकते, हिमालयाशी अडते, तो दाब आतल्या जुन्या भेगांपर्यंत पोचतो. (गुळाची ढेप कडेनं दाबली तर जुन्या चिरेतच फुटते, तसंच ना?) कोयनेत खडक एकमेकांना घासून आडवे सरकले, १९९३ ला किल्लारीत एक बाजू दुसरीवर चढली. कोयनेत धरणाच्या पाण्याचाही हात मानतात.

अडलंय इथं. प्लेट आतल्या आत वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा आवळत नाही म्हणतात, तर जीपीएसनं ते मोजतात कसं? आणि वर बेसाल्टचा (लाव्हा थिजून झालेला काळा कातळ) एवढा जाड थर असताना खालची भेग सापडते कशी?

भूशास्त्र शिकलेलं कुणी असेल तर सोप्या मराठीत सांगा की. सोमवारी वही द्यायची आहे.