अभ्र्याचा रंग आणि गळका नळ
धुताना उशीच्या अभ्र्यावर भरलेल्या लाल फुलांचा रंग अभ्राभर पसरला आणि घरातला नळही गळतोय, असं तुम्ही लिहिलंय. तो अभ्रा वाळू देऊ नका. ओला असतानाच गार पाण्यात बुडवा आणि पाणी लाल झालं की बदलत राहा. इस्त्री तर मुळीच नको, उष्णतेने डाग पक्का बसतो.

पुढच्या वेळी भरताना लच्छीतल्या दोऱ्याच्या ६ पदरांपैकी २च घ्या, फुलं नाजूक येतात. मी एकदा हौसेने अगदी मधोमध गाठीचे टाके भरले होते. सकाळी गालावर सगळी नक्षी! तेव्हापासून भरतकाम फक्त काठाला.

नळ बंद करूनही ठिबकतोय म्हणजे बहुधा वायसर झिजलाय. खोलण्याआधी मुख्य कॉक बंद करा. मी विसरले होते, वाळलेले अभ्रे पुन्हा भिजले.