समोरच्या बंपरवरील नंबरप्लेटचे ब्रॅकेट काढण्याविषयी

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, शहापूर, बेळगाव

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

नॉर्थ कॅरोलिनाहून बेळगावला परतल्यानंतरही मंडळाच्या यादीतून मी नाव कमी केलेले नाही, त्याचा आज उपयोग करून घेतो आहे. आमची गाडी एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असल्यामुळे कर्नाटक सरकारच्या ऑगस्ट २०२३ मधील अधिसूचनेप्रमाणे तिला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरप्लेट) बसवून घ्यायची आहे. समोरच्या बंपरवर विक्रेत्याने ठोकून दिलेले काळे प्लास्टिकचे ब्रॅकेट मात्र वाकले आहे आणि त्याचे स्क्रू गंजले आहेत. बंपरला तडा न जाता ते कसे काढावे? शिवाय तिकडे प्लेट केवळ मागे असे आणि समोरचा बंपर कसा मोकळा दिसे. तसा तो इथेही मोकळा ठेवून प्लेट काचेच्या आत ठेवली तर चालेल काय?

प्रेषक: एक सभासद, ओहायो (मूळचा खानापूरचा)

काका, सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: चालणार नाही. ओहायोने १ जुलै २०२० पासून समोरच्या प्लेटची सक्ती उठवली, म्हणून मी इथे प्लेट आणि ब्रॅकेट दोन्ही काढून टाकले. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार समोर आणि मागे अशा दोन्ही प्लेटा बाहेरूनच लावाव्या लागतात. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरील कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरला गेलात तरी नियम तोच, कारण तो केंद्राचा आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकसारख्या असलेल्या मोजक्या गोष्टींत ही एक धरायला हरकत नाही.

आता ब्रॅकेटकडे वळू. ते काढायचे असल्यास एचएसआरपी बसवण्याच्या तारखेआधीच काढा. ही प्लेट एकदाच वापरता येणाऱ्या स्नॅप लॉकने बसवतात. नंतर ती सोडवायची झाली तर लॉक तुटते आणि पुन्हा रीतसर मागणी नोंदवण्याचा खटाटोप करावा लागतो.

गंजलेल्या स्क्रूवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. खानापूर-बेळगावचा पाऊस आणि तांबडी माती ब्रॅकेटच्या मागे साचून राहते, त्यामुळे आधी ती जागा ब्रशने धुतल्याशिवाय पान्याला हात लावू नये. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, तो सरळ दाबून धरावा आणि आधी किंचित घट्ट करून मगच उलटा फिरवावा. स्क्रू जागच्या जागी फिरू लागला, तर मागची प्लास्टिकची नट सोबत फिरते आहे असे समजावे. अशा वेळी ब्रॅकेट ओढून काढू नये. बंपरच्या खालून हात घालून नट पक्कडीने धरावी. बंपर फाटतो तो बहुधा या ओढाताणीनेच.

ब्रॅकेट दुहेरी टेपने चिकटवलेले असेल तर हेअर ड्रायरने ऊब द्यावी आणि मासे धरण्याचा नायलॉनचा दोरा करवतीसारखा मागून चालवावा. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. थिनरने काम लवकर होते खरे, पण त्यात रंगही जातो.

एक अट मात्र पाहून घ्या. बंपर मध्यभागी सपाट नसेल, तर त्यावर थेट बसवलेली प्लेट वाकते. तसे असल्यास मोकळ्या बंपरचा मोह सोडून त्या गाडीसाठीचे नवे ब्रॅकेट बसवलेले बरे. मोटारीच्या प्लेटची मापे ५०० × १२० किंवा ३४० × २०० मिलिमीटर असतात. तुमच्या गाडीला समोर कोणती लागेल ते पाहूनच ब्रॅकेट घ्यावे. वर शोभेची फ्रेम लावू नये, कारण कडेचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक तिच्याखाली झाकला जाऊ शकतो.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, शहापूर

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. बंपर सपाट निघाला. उद्यमबागेतील ओळखीच्या मेस्त्रीने पाहून सांगितले की वरचे दोन स्क्रू आहेत, पण खालच्या बाजूस रिव्हेट ठोकलेले आहेत. शिवाय ब्रॅकेटखालचा रंग अधिक गडद दिसेल, अशी शंका त्याने काढली.

प्रेषक: सभासद, ओहायो

काका, मेस्त्रीची शंका रास्त आहे. झाकलेल्या रंगावर ऊन पडलेले नसते, म्हणून तो चौकोन उठून दिसतो. बाजूच्या रंगाला पॉलिश केल्यास फरक कमी होतो, पूर्ण जात नाही. तसेही त्याचा बराचसा भाग नव्या प्लेटखाली झाकला जाईल.

रिव्हेटच्या बाबतीत फक्त डोके ड्रिलने उडवावे. बिट रिव्हेटच्या अंगाइतकेच जाड असावे आणि वेग कमी ठेवावा, कारण घर्षणाने प्लास्टिक वितळून भोक मोठे होते. उरलेला तुकडा आत ढकलला की तो बंपरमध्ये पडून खडखडतो, म्हणून खालून तो काढून घ्यावा. नव्या प्लेटच्या कामी न येणाऱ्या भोकांत रबराची बुचे बसवावीत. पुटी आणि रंगाने ती बुजवण्याचा आग्रह मेस्त्रीने धरल्यास प्लास्टिकसाठीची लवचीक पुटी आणि प्लास्टिकचा प्रायमर त्याच्याकडे आहे का, एवढे विचारावे. पत्र्याच्या पुटीला बंपरच्या थरथरीने तडे जातात.