विंडोज १० आणि डोंगलवालं मराठी सॉफ्टवेअर : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गिरगावात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळाची पावतीपुस्तकं, श्राद्धाची कार्डं. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. पीसी २०१६चा : सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, विंडोज १०, तीही ३२ बिट.

१४ ऑक्टोबर २०२५ला सपोर्ट संपला. मशीन चालतंय, फक्त सिक्युरिटी अपडेट थांबलेत, इतपत कळतं. विंडोज ११ची तपासणी केली तर प्रोसेसरवरच अडलं. लॅमिंग्टन रोडला एकाने पीसी न बघताच नव्याचं कोटेशन हातात ठेवलं.

खरी अडचण डोंगलची (सॉफ्टवेअरच्या परवान्याची छोटी किल्ली). मागे यूएसबीला लावलाय, त्यावर बाबांच्या अक्षरात चिकटपट्टी : 'काढू नये'. तो नसेल तर मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर उघडतच नाही. त्याच्या फॉन्टमधली फाइल दुसरीकडे उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आणि नेटबँकिंगही ह्याच मशीनवर (माहितीये, ओरडू नका).

काय करू? लिनक्स टाकलं तर निभेल का?

---

ताई, लिनक्स नको. मशीन पळेल, पण तुमचा डोंगल तिथे बहुतेक मुकाच राहील.

आधी विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आहे ना ते बघा. असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटखाली ईएसयूला (सपोर्ट संपल्यावरही सिक्युरिटी अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) नाव नोंदवा. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतील.

नवं मशीन घेताना एक लक्षात ठेवा : विंडोज ११ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही, आणि ६४ बिट विंडोजवर ३२ बिट ड्रायव्हर (डोंगलसारखं उपकरण विंडोजला ओळखू देणारा प्रोग्रॅम) चढत नाही. डोंगलसाठी ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का, हे सॉफ्टवेअरवाल्यांना विचारल्याशिवाय पैसे मोजू नका. नसेल तर जुनं मशीन नेट काढून फक्त टायपिंगला ठेवा. तयार पत्रिका फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवा, नवा मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसतं). डिस्कची इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, आजच काढा. २०१६ची हार्डडिस्क सपोर्टच्या तारखा वाचत नाही.

---

धन्यवाद दादा. २२एच२च आहे, नोंदणी झाली. बँक मोबाइलवर नेली. पण गिऱ्हाईक मजकूर पेनड्राइव्हवरच आणतं. नेट काढल्यावर तो थेट जुन्या मशीनला लावू, की आधी दुसरीकडे स्कॅन करून?