जुन्या डॉस पीसीचं साल २८ वर्षं मागे ठेवावं का?

सातपूरकर:
नाशिकच्या अंबड-सातपूरच्या शेडमध्ये सीएनसीला (संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या कापकाम यंत्राला) प्रोग्राम पाठवणारे ४८६ प्रोसेसरचे पीसी अजून चालू आहेत. अनेकांच्या बायोसला (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या चिपमधल्या प्रोग्रामला) २००० नंतरचं शतक कळत नाही. डॉस (त्यांची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) उठलं की तारीख ४ जानेवारी १९८०. माझं मत सरळ आहे: खोलाखोल नको, २०२६ ऐवजी १९९८ टाका. २८ वर्षांनी कॅलेंडर जसंच्या तसं येतं, वारही जुळतो, २९ फेब्रुवारीही. फाइल पाठवणाऱ्या डब्याला खरं साल हवंय कशाला?

बायोसवाला:
वार जुळतो, कबूल. पण ३१ डिसेंबर २०२७ च्या रात्री तोच पीसी १९९९ मधून २००० मध्ये जाणार, त्याचं काय? तेव्हा, म्हणजे २०२८ ला, ५६ वर्षं मागे जावं तर १९७२ येतं, आणि डॉस १९८० च्या खाली उतरत नाही.
अहो, घड्याळाच्या चिपमध्ये वर्ष दोनच आकडी असतं आणि तिथे २६ बहुधा ठीकच असतं. शतकाचा बाइट त्याच चिपच्या मेमरीत ३२ हेक्स (सोळाच्या पटीत मोजलेल्या) पत्त्यावर, तो सांभाळणं बायोसचं काम. घोळ तिथे आहे. ऑटोएक्झेकमध्ये (डॉस उठताना आपोआप चालणाऱ्या फाइलीत) छोटा प्रोग्राम टाका: इंटरप्ट १ए (बायोसला द्यायची हाक), फंक्शन ०४ ने चिपमधलं वर्ष वाचा, ८० पेक्षा कमी असेल तर २००० मिळवा, इंटरप्ट २१ (डॉसला द्यायची हाक), फंक्शन २बी ने डॉसला द्या. वर्ष बीसीडीत येतं, म्हणजे प्रत्येक आकडा वेगळा चार बिटांत; त्याचा आधी साधा आकडा करा. न बदलता वापरलंत तर २६ चं ३८ होईल.

गोदाकाठ:
आणि बायोसने वर्षच पुसलं तर? अवॉर्ड कंपनीचे काही जुने बायोस २००० चं थेट २०९४ करतात. मग तुमचा प्रोग्राम वाचणार काय? तिथे मागचं सालच बरं.

सातपूरकर:
तेच म्हणतोय. २०२८ उजाडलं की ४० वर्षं मागे, १९८८ लावा. लीप वर्षं जुळतात, वार फक्त एक दिवस मागे. २०३९ संपेपर्यंत निभावतं.

बायोसवाला:
पण बॅकअप एक्सकॉपी /डी ने (दिलेल्या तारखेपासून बदललेल्याच फाइली उचलणाऱ्या डॉसच्या कमांडने) घेत असाल तर तारीख देताना तीच मागची द्यावी लागेल. आजची खरी तारीख दिलीत तर एकही फाइल उचलली जाणार नाही, आणि एररही येणार नाही.

गोदाकाठ:
दोघांनीही आधी बॅटरी बघा. डीएस १२८८७ या घड्याळाच्या चिपमध्ये सेल आतच भरलेला असतो. तो संपला की कुठलंच साल टिकत नाही. नवं मॉड्यूल नसेल तर १६ आणि २० नंबरच्या पिनांपाशी कोरून आतल्या सेलची जोडणी तोडा, मग सीआर२०३२ (बटणासारखा नाणेसेल) जोडा: २० ला प्लस, १६ ला मायनस. जोडणी न तोडता लावलात तर मेलेला सेल नव्यालाही खाली करतो. त्याआधी बायोसच्या सेटअपमधले, याच सेलवर टिकणारे हार्डडिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर लिहून घ्या. ते गेले तर तारखेवर वाद घालायला पीसीच उठणार नाही.