मदत हवी आहे: बालोसला गाडीने जावं की बोटीने?

घाईतला_गणपा: ग्रीसच्या क्रीट बेटावर चानिया शहरातून बालोस बीचला जायचंय. गाडी भाड्याने घ्यावी की बोट बरी? अर्धे लोक म्हणतात रस्ता भयंकर, अर्धे म्हणतात काही होत नाही. आज रात्रीच बुक करायचंय. 'गूगल करा' म्हणू नका, तिथूनच आलोय.

शंकेखोर: कोणता महिना? किती जण? चालवणार कोण?

भटकी_चिमणी: गाडीच घ्या! कालिवियानी गाव सुटलं की आठेक किमी कच्चा रस्ता आहे, सावकाश जायचं. वर गाडी लावून पायी उतरायचं. वरून उथळ हिरवं-निळं पाणी दिसतं, ते बघायलाच तर जायचं. पार्किंगमध्ये शेळ्या असतात. एक शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर चढून वायपर चघळत होती.

रश्श्याची_वाटी: असहमत. टायर आणि गाडीचा तळ बहुतेकदा विम्यात नसतो, कच्च्या रस्त्यावर तर नाहीच. गाडी परत देताना तिथल्या पोराने गुडघे टेकून मोबाईलच्या टॉर्चने खाली बघितलं. एका ओरखड्यापायी आमचं डिपॉझिट गेलं. किसामोस बंदरातून बोट घ्या. वाटेत ग्राम्वूसा बेटावर थांबते, वर व्हेनिसवाल्यांनी सोळाव्या शतकात बांधलेला किल्ला आहे.

उच्चारशुद्धी: 'चानिया' नाही हो, 'हानिया'.

झोपाळू_अस्वल: वाळूत गंजलेलं जहाज आहे तो बीच हाच ना?

रश्श्याची_वाटी: तो नावायो, झाकिंथोस बेटावर. तिथे दरड कोसळल्यापासून किनाऱ्यावर उतरू देत नाहीत. धागा भरकटवू नका.

घाईतला_गणपा: चारजण. सासूबाई आहेत, ६८ वर्षं, गुडघे दुखतात. त्यांना फक्त पाण्यात पाय बुडवून बसायचंय.

भटकी_चिमणी: अहो, हे आधी सांगायचं ना! बालोसचा परतीचा चढ त्यांना झेपणार नाही. त्यापेक्षा एलाफोनिसीला जा. दीड तासाचा रस्ता, पण गाडी किनाऱ्याजवळ पोचते आणि पाणी बरंच आतपर्यंत उथळ. वाळू जागोजागी गुलाबी दिसते, शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याने. बाटलीत भरून आणू नका, मनाई आहे.

खादाड_काकू: सासूबाई शाकाहारी असतील तर डाकोस मागवा. जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो, चीज, वरून ऑलिव्हचं तेल. पाव जरा भिजू द्या, नाहीतर दात दुखतील.

घाईतला_गणपा: शाकाहारीच आहेत, पण मी ते विचारलं नव्हतं.

शंकेखोर: महिना? आणि आंतरराष्ट्रीय परवाना काढलाय का?

घाईतला_गणपा: नाही. आपलं लायसन्स आहे की. आम्ही इथेच आहोत, हानियाच्या हॉटेलात.

शंकेखोर: आत्ता सांगताय! तो भारतातून आरटीओकडून काढावा लागतो.

झोपाळू_अस्वल: मला कोणी विचारला नव्हता. गाडी दिली बिनधास्त.

रश्श्याची_वाटी: गाडी देतील हो. ठोकर लागली की विमावाले हात वर करतील, तेव्हा काय करणार? केटेल या तिथल्या बस कंपनीची बस किसामोसला जाते, बंदर गावाबाहेर आहे, तेवढी टॅक्सी करा. बोटीने गेलात तर तो चढ चढावाच लागत नाही.

भटकी_चिमणी: पण उतरून वाळूत चालायचंच आहे ना? एलाफोनिसीलाही उन्हाळ्यात हानियाहून सकाळी बस असते.

घाईतला_गणपा: गाडी कॅन्सल. सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. त्यांना किल्ला चढायचा नाहीये, बोटीवर बसायचंय, आणि त्या वायपर खाणाऱ्या शेळीचा फोटो आहे का विचारतायत.

शंकेखोर: महिना सांगा हो. जुलै-ऑगस्ट असेल तर मेल्तेमी वारा सुटतो, जोर वाढला की बोटी रद्द होतात. उद्या वारा किती आहे?